हातभर लांबची माशी

दिवाळी आटोपली की वणीच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. झाडाला नाही हो, काट्यांना. कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे निघतात, ताडपत्रीच्या फटीतून पुंजके उडतात आणि वाटेतली बाभूळ त्यांना धरून ठेवते. त्याच रस्त्यानं कोळशाचे ट्रकही धावतात, त्यामुळे आठवडा जायच्या आत तो कापूस करडा होतो. मी पोलिसात आहे, नेमणूक सध्या इथंच. रोज सकाळी स्कूटीवरून ठाण्यात जाताना ही अर्धी काळी, अर्धी पांढरी झाडं बघते आणि दर वर्षी मला राळेगावचं ते जिनिंग आठवतं. यंदा जरा जास्तच आठवलं, कारण यंदा मला चष्मा लागला.

चष्मा लागला त्याची कथा सांगण्यासारखी आहे. आमचं वार्षिक फायरिंग होतं. हातात नवीन पिस्तूल, मागच्या साईटवर दोन पांढरे ठिपके, पुढच्या साईटवर एक, तिन्ही एका ओळीत आणले की झालं. नव्या पोरी पटापट ओळ लावत होत्या. मी हात लांब केला, एक डोळा मिटला आणि पाहते तर पुढच्या ठिपक्याला केस फुटलेले. लांबचा कागद कसा स्वच्छ, आणि हातभर अंतरावरचं काही दिसेना. चाळिशी म्हणतात ती हीच, हे मला तिथं उन्हात उभ्या उभ्या कळलं.

चष्मेवाल्यानं विचारलं, वाचायचा पाहिजे की लांबचा? म्हटलं, दोन्ही नको, हातभर लांबचा पाहिजे, माशी दिसली पाहिजे. बिचारा माझ्या गणवेशाकडे बघत राहिला. मग त्याच्या काउंटरवर बोटानं पिस्तूल करून दाखवावं लागलं. नळीच्या टोकावर जो एवढासा उभा तुकडा असतो, त्याला आपल्याकडे जुनी माणसं माशी म्हणतात. मागे, डोळ्याच्या बाजूला, खाच पाडलेली पट्टी. त्या खाचेत माशी बरोबर मधोमध उभी करायची, दोघींचे माथे सारखे आणायचे आणि मग लांबच्या काळ्या गोलाखाली नेऊन ठेवायची. इथपर्यंत कुणालाही समजतं. खरी अडचण पुढे आहे. खाच, माशी आणि गोल या तिन्ही गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत. एक निवडावी लागते. आणि निवडायची ती माशी. गोल धूसर झाला तरी होऊ द्यायचा. नवीन माणसाचा जीव त्या गोलात अडकलेला असतो, तो गोलाकडे बघतो, इकडे माशी खाचेत कलंडते आणि छर्रा भलतीकडे जातो. हे मला तायडे मॅडमनी शिकवलं. या बाईंनी मला भाकरी मिळवून दिली, असं म्हटलं तर त्यात काही जास्तीचं नाही.

तायडे मॅडम पोलिसातून निवृत्त झालेल्या. शस्त्रागारात बरीच वर्षं काढलेली, आवाज करडा, साडी कडक इस्त्रीची, आणि नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. राळेगावात भावाकडे राहायला आल्या तेव्हा एका पेटीत एक जुनं हवेचं पिस्तूल घेऊन आल्या आणि कॉलेजात येऊन म्हणाल्या, कोणत्या पोरीला शिकायचं आहे? हात वर झाले पुष्कळ. टिकलो दोघी. मी आणि सुनी.

सुनी म्हणजे सुनीता राठोड. तिचा तांडा आर्णीकडचा, कॉलेजसाठी ती राळेगावात आमच्या घरी राहायची. तिची याडी, म्हणजे तिची आई, आणि माझी आई एका आठवडी बाजारात बोलता बोलता मैत्रिणी झाल्या आणि पोरगी आमच्याकडे आली, एवढं साधं. आमच्या घरात माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त. सुनी सशासारखी पळायची. कॉलेजच्या मैदानावर ती शर्यत संपवून पाणी पिऊन येई तेव्हा मी धापा टाकत शेवटच्या वळणावर असे. पोलीसभरतीचं स्वप्न दोघींचंही होतं, पण धावण्यात माझे गुण जायचेच जायचे. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं: राज्य स्पर्धेपर्यंत पोचलीस तर खेळाडूंच्या जागेवर तुझा नंबर लागू शकतो, नाहीतर भरतीचं नाव विसर. नागपूरला हिवाळ्यात निवड चाचणी होती. माझं सगळं तिच्यावर होतं.

आणि जागा? जागा कापसानं दिली. खरं म्हणजे कापूस नव्हता, म्हणून जागा मिळाली. माझे बाबा त्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. आलेल्या कापसाची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांमध्ये ओढून तंतू डोळ्यांसमोर धरायचा आणि प्रत सांगायची. ती वर्षं कापसासाठी फार वाईट होती. बोंडअळीनं बोंडं पोखरली, उरलेला पावसात भिजून बोंडातच पिवळा पडला, त्याची कवडी झाली, गाड्या येईनात. ज्या शेडमध्ये या दिवसांत कापसाची गंजी छताला टेकायची तिथं चिमण्या उड्या मारायच्या. बाबांनी मालकाला विचारलं आणि मालक म्हणाले, वापरा, तशीही रिकामीच आहे. दहा मीटर मोजून आम्ही चुन्याची रेघ मारली.

त्या शेडचा उजेड मी विसरणार नाही. वर जाळ्या होत्या, त्यांतून ऊन तिरपं येई, आणि आधीच्या हंगामांची रुई अजून कुठं कुठं तुळयांना चिकटून होती, तिचे बारीक धागे त्या उन्हात तरंगायचे. सरकीचा वास तर भिंतींतच मुरलेला. हात लांब करून उभं राहिलं की कधी एखादा धागा बरोबर माशीवर येऊन बसे. मग थांबायचं. फुंकर मारायची नाही, श्वास बिघडतो. धागा आपोआप निघून जाईपर्यंत पिस्तूल खाली घेऊन उभं राहायचं. मी मुळात उतावळी बाई. जो काही धीर आज माझ्यात आहे तो त्या धाग्यांनी शिकवलेला आहे.

पिस्तूल मात्र खट्याळ. त्याची माशी जाड आणि मागची खाच अरुंद. खाचेत माशी बसवली की ती गच्च भरून जाई, दोन्ही बाजूंना फट म्हणून उरत नसे. ती मधोमध आहे की एका अंगाला, कळायचं कसं? मॅडम म्हणायच्या, "लोखंड काय पाहता पोरीहो, उजेड पाहा. दोन्हीकडे सारखा उजेड दिसला का माशी मधात." पण उजेडच दिसत नव्हता. त्यात माशीचा माथा वापरून वापरून चकाकायला लागला होता. जाळीतलं ऊन त्यावर पडलं की एक बाजू पेटल्यासारखी दिसे आणि छर्रा दुसरीकडे जाई.

चकाकीवर उपाय काजळीचा. सुनीनं उत्साहानं आमच्या आईच्या डबीतलं काजळ आणलं आणि माशीला फासलं. ते तुपात खललेलं काजळ! माशी अशी काही चमकायला लागली की बघून घ्यावं. मॅडमनी नुसतं सुनीकडे बघितलं, आणि मला हसू आवरेना. काजळी कोरडी पाहिजे, कापराच्या ज्योतीवर धरलेली. पण जिनिंगच्या आवारात काडीपेटी न्यायची नाही हा बाबांचा धर्म होता. शेडमध्ये कापूस असो नसो, फाटकावर प्रत्येकाच्या काड्या-बिड्या काढून ठेवल्या जात. म्हणून रोज सराव सुरू करण्याआधी आम्ही तिघी फाटकाबाहेर चहाच्या टपरीमागे बसून कापूर जाळायचो आणि त्याच्या धुरावर पिस्तुलाचं टोक धरायचो. येणारे-जाणारे थांबून बघत. तायडे मॅडम पिस्तुलाला धूप दाखवतात, असं गावात झालं होतं.

जाड माशीला मात्र काजळीचा उपाय नव्हता. ती बदलायलाच पाहिजे होती. मॅडमनी नागपुरातल्या कुणा जुन्या सहकाऱ्याला गळ घातली आणि बारीक माशी मागवली. शिवाय मागची पट्टी बदलून स्क्रूवर सरकणारी नवी पट्टी. नवी म्हणजे आपल्याला नवी, होती कुणाची तरी वापरलेली. आम्ही रोज विचारायचो, आली का माशी?

आणि इथं कुठंतरी माशी शिंकली.

आमचं थोडं वावर होतं गावाबाहेर. त्या दिवशी तिथं सीतादही होतं. पहिल्या वेचणीच्या दिवशी वावराच्या कोपऱ्यात दहीभात ठेवून पूजा करायची आणि मगच बोंडाला हात लावायचा, ही आमच्याकडची रीत. पीक पाहण्यासारखं नव्हतं, तरी आईनं नेहमीसारखाच दहीभात केला होता. वेचणाऱ्या बायांनी ओटीची फडकी कमरेला बांधली, मी आणि सुनीही बांधली. एवढ्यात बाबा सायकल मारत आले. घामानं भिजलेले. बांधावरच सायकल टाकली आणि सरळ कपाशीच्या पऱ्हाटीत घुसून पानं उलटी करून बघायला लागले. एक झाड, दुसरं झाड. आई म्हणाली, अहो, काय झालं? तर म्हणाले, ऑफिसात फोन आला होता, कुणी बाई होती, लाईनमध्ये खरखर होती, एवढंच ऐकू आलं की माशी आली म्हणून घरी सांगा. अन् फोन कटला.

मी आणि सुनीनं एकमेकींकडे बघितलं. बाबांना वाटलं होतं की कृषी विभागाचा फोन आहे आणि पांढरी माशी पडली आहे. अळीनं खाल्लेल्या पिकावर आता माशी, म्हणजे संपलंच. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईनं डोळ्यानं दटावलं, आधी बघू दे. बाबांनी अर्ध्या वावरातली पानं बघितली, मग कंबर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "नाही. माशी कुठंच नाही." त्या हंगामात त्यांना मिळालेली ती पहिली बरी बातमी. मग मी खरं काय ते सांगितलं. बाबा बांधावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दहीभात खाताना पण मधूनच हसत होते. माझे बाबा इतके हसलेले मी नंतर फार थोड्या वेळा पाहिले, आणि त्या वर्षी तर त्यानंतर नाहीच. त्या फोनची लाईन तुटली याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

नवी माशी बसवली तो दिवस. मॅडमनी छोट्या हातोडीनं ठोकत ती खोबणीत सारली, पट्टी बसवली, काजळी धरली आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं. हात लांब केला. खाचेच्या मधोमध काळी कुळकुळीत माशी, तिच्या डाव्या-उजव्या अंगाला पांढऱ्या उजेडाच्या दोन सारख्या रेघा. समोरचा गोल धुरकट. मला आठवतं, मी चाप ओढलाच नाही, नुसती बघत राहिले. ज्याला आपण नेम म्हणतो तो म्हणजे हा एवढासा उजेड सांभाळणं, हे मला त्या क्षणी अंगात समजलं. त्या वर्षी आमच्याकडे जो तो लांबच्या गोलाकडे बघून बसला होता. भाव काय निघेल, जिनिंग चालेल की नाही, पोरीचं काय होईल. मी माझ्या हातभर लांबच्या माशीकडे बघायला शिकले, आणि त्यानं माझी रात्रीची झोप परत आली. संध्याकाळी बाबांना हे सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, मग मी कापसाचा ढीग बघतो का? चिमूटभर तंतूच तर बघतो.

सरकणाऱ्या पट्टीनं नवा ताप आणला. साईट ज्याच्या हाताची, त्याच्यासाठीच लावावी लागते. माझी पकड, माझा डोळा वेगळा, सुनीचा वेगळा. माझ्यासाठी पट्टी लावली की सुनीचे छर्रे डावीकडे खाली पडत. मग तिनं स्क्रू फिरवायचा, नेमबाजी करायची आणि पिस्तूल मला देताना पुन्हा माझ्या जागी आणायचा. मागची पट्टी जिकडे सरकवाल तिकडे छर्रा जातो, माशी सरकवली तर उलट. हे पाठ होतं, तरी घाईत उलटंसुलटं व्हायचं. सुनीनं पट्टीवर नेलपॉलिशचे ठिपके दिले, लाल माझा, गुलाबी तिचा. पण स्क्रूचे आटे झिजलेले होते. लाल ठिपक्यावर आणला तरी कधी केसभर इकडे, कधी तिकडे. यावरून आमच्या रोज कुरबुरी. तूनं नीट नाही आणला. मी नीटच आणला, तुहा हात हालला.

एकदा वैतागून सुनी म्हणाली, जाऊ द्या न मॅडम, मी स्क्रू फिरवतच नाही, तेवढं उजवीकडे वरती धरून मारते. मॅडम भडकल्या. अंदाजानं बाजूला धरून मारणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पाप. "साईट सरकवायची," त्या म्हणाल्या. "माणसानं नाही सरकायचं. माणूस एकदा सरकला का सरकतच राह्यते." आम्ही दोघींनी माना हलवल्या.

मग चाचणीच्या तोंडावर कापूस आला. आमच्याकडचा नाही, दुसरीकडून मालकांनी आणलेला, पण आला. बाबा घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, परवापासून शेड लागणार. त्यांचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता, आणि मी मात्र ताटातला भात चिवडत बसले. ते समजले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कापूस नाही आला तर माही जागा जाते, आला तर तुही जाते. काय करू सांग पोरी?" मी म्हटलं, येऊ द्या कापूस. मनापासून म्हटलं. पण म्हणजे नागपूरला जे होईल ते एकदाच होणार होतं, पुन्हा सरावाला जागा नव्हती.

नागपूरच्या त्या हॉलमध्ये बाकीच्या मुलींकडे आपापली पिस्तुलं, आपापल्या पेट्या. आमची एक पेटी दोघींत. सुनीची फेरी आधी, माझी लगेच नंतर. मधला वेळ जेमतेम. मी मागच्या बाकावर बसून तिच्या पाठीकडे बघत होते आणि मनात एकच, स्क्रू नीट आण गं बाई. तिची फेरी काही खास झाली नाही. थोडक्यात हुकली. तिनं पिस्तूल आणून माझ्या हातात दिलं, काजळी तपासली आणि एवढंच म्हणाली, "लावलेलं हाय. मार." मी पट्टीकडे बघितलं, खूण बरोबर लाल ठिपक्यावर. सरावाचा पहिलाच छर्रा गोलाच्या मधात बसला. मग मी कागदाकडे बघितलंच नाही. माशी आणि दोन रेघा उजेड. माझी निवड झाली.

परतीच्या एसटीत सुनीनं पिशवीतली बोरं काढली. मला ओरडून हसावंसं वाटत होतं आणि तिच्यासमोर हसता येत नव्हतं. तिनंच माझ्या तोंडात बोर कोंबलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. राळेगावला उतरलो तेव्हा जिनिंग चालू होतं, आवाज स्टँडपर्यंत येत होता. बाबा फाटकाशी उभे होते, अंगभर रुई चिकटलेली. आमच्यासोबत उतरलेल्या मॅडमनी लांबूनच अंगठा वर केला आणि बाबांनी खिशातला रुमाल काढून डोळ्यांना लावला.

पुढचं काय, साधंच आहे. मी भरती झाले. सुनी त्या वर्षी नाही, पुढेही पोलिसात गेली नाही. आर्णीजवळच्या एका आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका झाली आणि आता तांड्यांवरच्या पोरींना पळायलाही शिकवते, नेम धरायलाही. मॅडम गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांची ती पिस्तुलाची पेटी सुनीकडे आहे.

चष्मा आला त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. नवीन चष्म्यातून माशी दिसते पण माणसं दिसत नाहीत, अशी रड लावली. ती खूप हसली, म्हणाली, मले कधीचा लागला. मग बोलत बोलत आम्ही त्या शेडमध्ये पोचलो, तुपातलं काजळ, बाबांची माशी, सगळं झालं. आणि मी म्हटलं, सुने, इतक्या वर्षांत तुला कधी नीट सांगितलं नाही, पण त्या दिवशी तू स्क्रू इतका बरोबर माझ्या जागी आणून ठेवला होतास म्हणून माझं झालं. नाहीतर ते झिजलेले आटे. तुझी मी फार ऋणी आहे गं.

मग ती म्हणाली, "आणून ठेवायले तो नेलाच कुठं होता वं?"

मला कळेना. तीच पुढे बोलली, अगदी भाजीबद्दल बोलावं तशी. "झिजलेला स्क्रू होता. एकदा हालला असता तर तुह्या जागी परत आलाच नसता. मले धावून भी कुठं ना कुठं लागता आलं असतं, तुह्यानं धावणं कुठं होत होतं? मंग म्हटलं, राहू दे साईट तुह्या जागी." मला फोनमधून तिचं हसू ऐकू आलं. "मीच सरकली थोडी. मॅडमले सांगू नको."